वाल्डेमार हाफकिन : बंद दारांआडची साथ आणि एक लस

मुंबईतील परळ येथील हाफकिन संस्थेचे नाव महाराष्ट्रातील घराघरांत ठाऊक आहे. मात्र ज्यांच्या नावाने ही संस्था ओळखली जाते, त्या वाल्डेमार हाफकिन यांच्या आयुष्याची कथा तितकीशी परिचित नाही. पटकी आणि प्लेग या दोन रोगांवरील लसी त्यांनी तयार केल्या, त्या प्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेतल्या आणि आयुष्याची उमेदीची वर्षे भारतात घालवली. तुरुंग, छावण्या आणि मनोरुग्णालये यांसारख्या बंदिस्त ठिकाणी साथ कशी रोखावी, हा प्रश्न शास्त्रीय पद्धतीने हाताळणाऱ्या पहिल्या संशोधकांमध्ये त्यांची गणना करावी लागेल.

हा प्रश्न आजही जुना झालेला नाही. बंगळुरूच्या सर्जापूर रस्त्याचेच उदाहरण घेता येईल. या रस्त्याच्या शहराकडील टोकाला, कोरमंगल भागात, सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयाचे विस्तीर्ण रुग्णालय आहे. तेथून काही किलोमीटर अंतरावर, होसूर रस्त्यावर, राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्था म्हणजेच निमहान्स आहे. मूळ मराठी मुलखातील अंमळनेर येथे १९४५ मध्ये वनस्पती तुपाच्या कारखान्याच्या रूपाने सुरू झालेल्या विप्रो कंपनीचे मुख्यालयही याच सर्जापूर रस्त्यावर दोड्डकन्नेल्ली येथे आहे. नोकरीनिमित्त महाराष्ट्रातून येथे येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांची संख्या मोठी आहे. घरापासून दूर राहणाऱ्या अशा कुटुंबातील एखाद्या व्यक्तीला मानसिक आजारामुळे रुग्णालयात दाखल करण्याची वेळ येते, तेव्हा नातेवाइकांच्या मनात उपचारांविषयी अनेक शंका असतात. परंतु तेथे गेल्यावर दुसराच एखादा संसर्गजन्य रोग तर जडणार नाही ना, ही शंका सहसा कोणी विचारत नाही. हाफकिन यांचे आयुष्य या न विचारलेल्या प्रश्नाशी अनेक ठिकाणी येऊन भिडते.

ओडेसा ते पॅरिस

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी तत्कालीन रशियन साम्राज्यातील ओडेसा या बंदराच्या शहरी एका ज्यू कुटुंबात झाला. बेर्द्यान्स्क येथे शालेय शिक्षण पूर्ण केल्यानंतर त्यांनी ओडेसाच्या विद्यापीठात प्रवेश घेतला. तेथे त्यांना इल्या मेचनिकोव्ह हे गुरू लाभले. शरीरातील पांढऱ्या पेशी जंतूंना गिळून टाकतात, हा शोध लावणाऱ्या मेचनिकोव्ह यांना पुढे १९०८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

हाफकिन यांची विद्यार्थिदशा शांततेत गेली नाही. १८८१ मध्ये झारची हत्या झाल्यानंतर रशियात ज्यूंविरुद्ध दंगली उसळल्या. ओडेसातील ज्यू तरुणांनी आत्मसंरक्षणासाठी जे पथक उभारले, त्यात हाफकिन सामील झाले. त्यांना अटकही झाली. मेचनिकोव्ह यांनी रदबदली केल्यामुळे त्यांची सुटका झाली. विद्यापीठात अध्यापकाचे पद हवे असेल तर धर्म बदलावा लागेल, अशी अट त्यांच्यापुढे होती. ती त्यांनी मान्य केली नाही. परिणामी प्राणिशास्त्राच्या संग्रहालयातील साहाय्यकाच्या जागेवर त्यांना समाधान मानावे लागले.

१८८८ मध्ये त्यांनी रशिया सोडला. काही काळ जिनिव्हा येथे काम केल्यावर ते पॅरिसला पोहोचले. लुई पाश्चर यांच्या संस्थेत त्या वेळी मेचनिकोव्ह कार्यरत होते. रिकामी असलेली एकमेव जागा साहाय्यक ग्रंथपालाची होती. हाफकिन यांनी ती स्वीकारली आणि ग्रंथालयाचे काम आटोपल्यावर प्रयोगशाळेत जंतूंचा अभ्यास सुरू केला.

पटकीच्या जंतूंवर प्रयोग करून त्यांनी १८९२ मध्ये लस तयार केली. प्राण्यांवरील प्रयोग यशस्वी झाले होते. माणसावर ती निर्धोक आहे का, हे ठरवण्यासाठी त्यांनी १८ जुलै १८९२ रोजी ती स्वतःलाच टोचून घेतली. ताप आला, अंग दुखले. परंतु ते लवकरच बरे झाले. अशा संशोधनाकडे युरोपातील वैद्यक क्षेत्राने सावध नजरेने पाहिले. त्यांच्या कार्याची खरी कसोटी पटकीचा कायमचा मुक्काम असलेल्या देशातच लागणार होती. पॅरिसमधील ब्रिटिश राजदूत लॉर्ड डफरिन हे पूर्वी भारताचे व्हाइसरॉय होते. त्यांच्या सूचनेनुसार हाफकिन यांनी भारताचा मार्ग धरला.

भारतातील पहिला टप्पा

१८९३ च्या मार्च महिन्यात हाफकिन कलकत्त्याला उतरले. ते पदवीने वैद्य नव्हते, प्राणिशास्त्रज्ञ होते. शिवाय रशियाचे प्रजाजन असल्यामुळे इंग्रज अधिकाऱ्यांच्या मनात त्यांच्याविषयी संशय होता. सामान्य लोकांना सुई टोचून घेण्याची भीती वाटत होती. अशा स्थितीत त्यांनी उत्तर भारतातील छावण्या, शहरे आणि चहाचे मळे पालथे घातले. लस सक्तीने न टोचता इच्छुकांनाच द्यावी, हा त्यांच्या कामाचा प्रघात होता.

१८९४ मध्ये कलकत्त्याच्या कट्टल बागान वस्तीत पटकीची लागण झाली. तेथील सुमारे २०० रहिवाशांपैकी ११६ जणांनी लस घेतली. त्यानंतर वस्तीत १० जणांना पटकी झाली आणि त्यांपैकी ७ जण दगावले. हे सर्वच्या सर्व लस न घेतलेले होते. त्याच वर्षी गया येथील तुरुंगातही त्यांनी कैद्यांना लस टोचली.

हाफकिन यांना अशा बंदिस्त जागांचे महत्त्व फार लवकर उमगले होते. शहरात लस घेतलेला मनुष्य श्रीमंत असू शकतो, त्याचे घर हवेशीर असू शकते, साथ आल्यावर तो गावीही निघून जाऊ शकतो. मग त्याला रोग झाला नाही, तर त्याचे श्रेय लसीचे की परिस्थितीचे, हे कसे ठरवावे? तुरुंगात मात्र सर्वांचे अन्न एक, पाणी एक, निजण्याची जागा एक. कोणालाही बाहेर जाता येत नाही. तेथे अर्ध्यांना लस दिली आणि अर्ध्यांना दिली नाही, तर पडणारा फरक लसीचाच मानावा लागतो. तुलनेची ही शिस्त हे त्यांचे मोठे योगदान आहे. त्याचबरोबर, ज्यांना बाहेर पडण्याचे स्वातंत्र्य नाही अशांची संमती कितपत मोकळी मानावी, हा प्रश्नही तेथेच उपस्थित होतो. त्या काळी तो फारसा विचारला गेला नाही. आजच्या वैद्यकीय नीतिशास्त्रात त्याला मध्यवर्ती स्थान आहे.

मुंबईतील ग्रंथिक सन्निपात

१८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी एका रुग्णाची लक्षणे पाहून प्लेगचे निदान केले. मराठी वृत्तपत्रे या रोगाला ग्रंथिक सन्निपात म्हणू लागली. पाहता पाहता शहर रिकामे होऊ लागले. घरांची झडती, रुग्णांना बळजबरीने इस्पितळात नेणे, सामानाची जाळपोळ, यांमुळे लोकांमध्ये कमालीचा असंतोष पसरला. संतप्त गिरणी कामगारांनी आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. पुण्यात प्लेग निर्मूलनाच्या नावाखाली झालेल्या जुलमामुळे २२ जून १८९७ रोजी चाफेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. लोकमान्य टिळकांनी पुण्यात हिंदूंसाठी स्वतंत्र प्लेग रुग्णालय उभे करण्यात पुढाकार घेतला. रुग्णसेवा करतानाच सावित्रीबाई फुले यांना लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

सरकारने हाफकिन यांना कलकत्त्याहून पाचारण केले. ७ ऑक्टोबर १८९६ रोजी ते मुंबईत दाखल झाले. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील एक खोली आणि तिच्या बाहेरचा व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई, एवढ्या सामग्रीवर काम सुरू झाले. कामाचा ताण इतका विलक्षण होता, की एका साहाय्यकाचे मानसिक संतुलन ढळले आणि दोघे काम सोडून गेले. साथीचा आघात रुग्णांच्या शरीराइतकाच तिच्याशी झुंजणाऱ्यांच्या मनावरही होतो, याचे हे प्रारंभीचे उदाहरण आहे.

प्लेगचे जंतू वाढवण्यासाठी त्यांनी मांसाचा रस वापरला. हिंदू आणि मुसलमान या दोन्ही समाजांच्या भावना लक्षात घेऊन हा रस बोकडाच्या मांसापासून करण्यात येत असे. त्यावर तूप किंवा खोबरेल तेलाचे थेंब तरंगत ठेवले, की त्या थेंबांना लोंबणारे जंतूंचे धागे खाली वाढत असत. गुहेच्या छतावरून चुनखडीचे सुळे लोंबावेत, तसे ते दिसत. हे जंतू उष्णतेने मारून त्यात थोडे कार्बोलिक आम्ल मिसळले, की लस तयार होई.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी नेहमीच्या मात्रेपेक्षा कितीतरी अधिक, म्हणजे १० घनसेंटिमीटर लस स्वतःला टोचून घेतली. त्यांना सणसणून ताप भरला. परंतु ते त्यातून बरे झाले.

भायखळ्याचा तुरुंग

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. ३० जानेवारी रोजी हाफकिन तेथे गेले. तुरुंगात तीनशेहून अधिक बंदी होते. त्यांपैकी सुमारे निम्म्यांनी लस घेण्याची तयारी दर्शवली. ज्यांच्यात त्याच दिवशी रोगाची लक्षणे दिसत होती, त्यांना हिशोबातून वगळले. त्यानंतर लस न घेतलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला आणि ६ जण मरण पावले. लस घेतलेल्यांपैकी दोघांना लागण झाली. मात्र मृत्यू एकाचाही झाला नाही. पुढे उमरखाडीच्या तुरुंगातही असाच प्रयोग करण्यात आला.

या निकालाची वार्ता पसरताच लसीची मागणी वाढली. खोजा समाजाचे धर्मगुरू आगाखान यांनी स्वतः जाहीरपणे लस टोचून घेतली आणि आपल्या अनुयायांसमोर उदाहरण ठेवले. प्रयोगशाळेसाठी त्यांनी आपली खुश्रू लॉज ही वास्तू उपलब्ध करून दिली. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या राजभवनात प्लेग संशोधन प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले. हीच आजची हाफकिन संस्था होय. १८९७ ते १९२५ या काळात तेथून लसीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा देशविदेशात पाठवण्यात आल्या.

प्लेग रेल्वेमार्गाने दक्षिणेकडे सरकला. हुबळी-धारवाड भागात १८९८ मध्ये हजारो लोकांना हाफकिन यांची लस टोचण्यात आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बंगळुरूत प्लेग पोहोचला. म्हैसूर संस्थानाने प्लेग आयुक्त म्हणून व्ही. पी. माधवराव यांची नेमणूक केली. पुढे म्हैसूरचे दिवाण झालेले हे गृहस्थ तंजावरच्या मराठी घराण्यातील होते. केरळचे समाजसुधारक डॉ. पल्पू यांनी बंगळुरूच्या प्लेग छावण्यांत जिवावर उदार होऊन काम केले. दाट वस्तीचा धोका लक्षात आल्यानंतर रुंद रस्ते आणि मोकळी हवा असलेल्या मल्लेश्वरम व बसवनगुडी या वसाहती उभारण्यात आल्या. आज सर्जापूर रस्त्यावर राहणारा मराठी माणूस ज्या शहराला उद्यानांचे शहर म्हणून ओळखतो, त्याच्या रचनेवर प्लेगची अशी छाप आहे.

मनोरुग्णालयातील लसीकरण

हाफकिन यांच्या कार्याचा मानसिक रुग्णालयांशी आलेला सर्वांत ठळक संबंध मात्र इंग्लंडमधील आहे. ब्रिटिश लष्करी वैद्यकीय विद्यालयातील प्राध्यापक ऑल्मरॉथ राइट यांची हाफकिन यांच्याशी भेट झाली होती. पटकीवरील लसीचे तत्त्व विषमज्वराला लावून पाहता येईल, ही प्रेरणा त्यांना त्यातूनच मिळाली आणि पुढे त्यांनी हे ऋण मान्यही केले. १८९७ च्या शरद ऋतूत केंट परगण्यातील मेडस्टन या गावी दूषित पाण्यामुळे विषमज्वराची मोठी साथ आली. गावाजवळच्या बार्मिंग येथील मनोरुग्णालयातही रोग पोहोचला. राइट आणि त्यांचे सहकारी डेव्हिड सेंपल यांनी तेथील कर्मचाऱ्यांना विषमज्वराची लस देऊ केली. सुमारे ऐंशी जणांनी ती घेतली. त्यांपैकी एकालाही विषमज्वर झाला नाही. लस न घेतलेल्या कर्मचाऱ्यांपैकी काही जणांना मात्र तो झाला. सेंपल पुढे भारतात आले आणि कसौली येथील पाश्चर संस्थेचे पहिले संचालक झाले.

बार्मिंगची निवड योगायोगाची म्हणता येणार नाही. एकोणिसाव्या शतकातील मनोरुग्णालये संसर्गजन्य रोगांची माहेरघरे बनली होती. क्षमतेपेक्षा अधिक रुग्ण, लागून लागून घातलेल्या खाटा, सामायिक शौचकूप आणि अपुरे पाणी, यांमुळे हगवण, विषमज्वर आणि क्षयरोग तेथे ठाण मांडून बसत. हगवणीच्या एका प्रकाराला तर इंग्लंडमध्ये मनोरुग्णालयाची हगवण असेच नाव पडले होते. भारतातही याच शतकात अशी रुग्णालये उभी राहत होती. महाराष्ट्रात नागपूर येथे १८६४ मध्ये, रत्नागिरी येथे १८८६ मध्ये आणि ठाणे येथे १९०१ मध्ये मनोरुग्णालय सुरू झाले. बंगळुरूचे मनोरुग्णालय एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास स्थापन झाले. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात ते गजबजलेल्या भागातून होसूर रस्त्यावरील प्रशस्त जागेत हलवण्यात आले. १९७४ मध्ये त्याचे आणि अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्थेचे एकत्रीकरण होऊन निमहान्स अस्तित्वात आली.

मुलकोवालची शोकांतिका

यशाच्या शिखरावर असताना हाफकिन यांच्यावर आयुष्यातील सर्वांत मोठा आघात झाला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या गावी १०७ जणांना प्लेगची लस टोचण्यात आली. हे गाव आता पाकिस्तानात आहे. काही दिवसांनी त्यांपैकी १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व जण मरण पावले. या सर्वांना एकाच बाटलीतील लस देण्यात आली होती. त्या दिवशी उघडलेल्या इतर बाटल्यांमुळे कोणालाही अपाय झाला नव्हता.

सरकारने चौकशी आयोग नेमला. मागणी झपाट्याने वाढत असल्यामुळे हाफकिन यांनी लसीत कार्बोलिक आम्ल न घालता केवळ उष्णतेवर विसंबणारी नवी पद्धत स्वीकारली होती. आयोगाने दोष परळच्या प्रयोगशाळेवर ठेवला. हाफकिन यांना कामावरून दूर करण्यात आले. १९०४ मध्ये त्यांनी भारत सोडला.

वस्तुतः पुराव्यांचा रोख दुसरीकडे होता. मुलकोवाल येथे बाटली उघडताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो उकळत्या पाण्यात किंवा ज्योतीवर निर्जंतुक न करता केवळ जंतुनाशक द्रवात बुडवून पुन्हा वापरण्यात आला. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात आणि त्यांची बीजरूप अवस्था अशा द्रवाला दाद देत नाही. शिवाय बाटली मुंबईत भरून अनेक आठवडे लोटले होते. जंतू तेव्हाच आत शिरले असते, तर इतक्या काळात ते वाढून बाटली उघडताच दुर्गंधी आली असती. लस टोचणाऱ्या डॉक्टरांना तशी दुर्गंधी आढळली नव्हती. तरीही हाफकिन यांना न्याय मिळण्यास पाच वर्षे लागली. मलेरियाच्या संशोधनासाठी नोबेल मिळवलेले रोनाल्ड रॉस यांनी त्यांची बाजू उचलून धरली. जुलै १९०७ मध्ये दहा नामवंत शास्त्रज्ञांचे पत्र लंडनच्या टाइम्स या वृत्तपत्रात प्रसिद्ध झाले. फ्रान्समधील ड्रेफस प्रकरणाशी या अन्यायाची तुलना होऊ लागली. अखेर सरकारने त्यांना निर्दोष मानले.

हाफकिन भारतात परतले, परंतु मुंबईत नव्हे, तर कलकत्त्यात. पूर्वीसारखे अधिकार आणि मोठ्या प्रमाणावर लस तयार करण्याची मुभा त्यांना पुन्हा मिळाली नाही. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास वयाच्या ५५ व्या वर्षी ते सेवानिवृत्त झाले. उर्वरित आयुष्य त्यांनी फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमध्ये व्यतीत केले. तरुणपणी धर्मांतर नाकारणारे हाफकिन उत्तरायुष्यात ज्यू धर्मपरंपरेकडे अधिकाधिक वळले आणि आपली संपत्ती त्यांनी ज्यू धर्मशिक्षणासाठी ठेवली. ते अविवाहित होते. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले, ही त्यांच्या हयातीतील समाधानाची घटना ठरली. २६ ऑक्टोबर १९३० रोजी लोझान येथे त्यांचे निधन झाले. १९६४ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट प्रसिद्ध केले.

आजच्या मनोरुग्णालयांसाठी धडा

मुलकोवालच्या घटनेतून मिळणारा बोध साधा, पण कठोर आहे. लस प्रयोगशाळेत कितीही काळजीपूर्वक तयार केली, तरी ती रुग्णापर्यंत पोहोचवणारा शेवटचा हात स्वच्छ नसेल, तर सारे परिश्रम व्यर्थ ठरतात. मानसिक आरोग्य केंद्रांत या शेवटच्या हाताचे महत्त्व अधिक असते, कारण तेथील परिस्थिती सर्वसाधारण रुग्णालयापेक्षा निराळी असते.

शस्त्रक्रिया विभागातील रुग्ण बहुतांश वेळ खाटेवर असतो. मनोरुग्ण मात्र हिंडता-फिरता असतो. तो इतरांसोबत जेवतो, सामूहिक उपचारांत भाग घेतो, दूरदर्शन पाहतो आणि अंगणात बसतो. हे सारे त्याच्या बरे होण्यासाठी आवश्यक असते. त्यामुळे संसर्गाच्या भीतीने प्रत्येकाला एकटे ठेवणे हा उपाय रोगापेक्षा घातक ठरू शकतो. तीव्र आजारात रुग्णाला आपली लक्षणे सांगता येत नाहीत. पोट दुखत असल्याची तक्रार कधीकधी भ्रम समजून दुर्लक्षिली जाते. काही औषधांमुळे गुंगी येऊन अन्नाचे कण श्वासनलिकेत जाण्याचा संभव असतो. क्लोझापीनसारख्या औषधाने पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात. म्हणून ते घेणाऱ्या रुग्णाला ताप किंवा घशाचा दाह झाल्यास रक्ताची तपासणी तातडीने करावी लागते.

प्रतिबंधाची नेहमीची साधनेही येथे जशीच्या तशी वापरता येत नाहीत. भिंतीवर लावलेला मद्यार्कयुक्त निर्जंतुकाचा डबा व्यसनमुक्तीच्या विभागात धोकादायक ठरतो, कारण एखादा रुग्ण तो द्रव पिऊन टाकू शकतो. अशा ठिकाणी कर्मचाऱ्यांनी लहान बाटली स्वतःजवळ बाळगणे आणि रुग्णांसाठी साबण व वाहते पाणी ठेवणे श्रेयस्कर असते. स्वतःला इजा करून घेण्याचा धोका असलेल्या रुग्णाच्या बाबतीत मुखपट्टीची दोरीही विचारात घ्यावी लागते. दाढीचे पाते, कंगवा, टॉवेल आणि पांघरूण प्रत्येकाचे वेगळे असावे, ही गोष्ट क्षुल्लक वाटते. परंतु खरूज, उवा आणि रक्तातून पसरणारी कावीळ याच वाटेने पसरतात. दाखल होतानाच खोकला, ताप, जुलाब व त्वचारोग यांची चौकशी करणे, दीर्घकाळ राहणाऱ्यांची क्षयरोगासाठी तपासणी करणे, खिडक्या सुरक्षित ठेवूनही हवा खेळती राखणे आणि कर्मचाऱ्यांचे लसीकरण पूर्ण करणे, हे या व्यवस्थेचे मुख्य घटक आहेत. कर्मचारी रोज बाहेरून येतात आणि बंद कक्षात रोग बहुधा त्यांच्यासोबतच येतो. बार्मिंग येथे १८९७ मध्ये लस कर्मचाऱ्यांना देण्यात आली, यामागील तर्क आजही तितकाच लागू पडतो.

या बाबींची उपेक्षा केल्यास काय घडते, हे कोविडच्या साथीने दाखवून दिले. दक्षिण कोरियातील चोंगडो येथील एका रुग्णालयाच्या बंद मनोविकार कक्षात २०२० च्या फेब्रुवारीत हा विषाणू शिरला. कक्षातील शंभराच्या आसपास रुग्णांपैकी जवळजवळ सर्वांनाच लागण झाली. त्या देशातील कोविडचा पहिला बळीही याच कक्षातील दीर्घकालीन रुग्ण होता.

भारतात २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने सुरक्षित व स्वच्छ वातावरणात राहणे आणि पुरेशा स्वच्छतेच्या सोयी मिळणे हा मानसिक आजार असलेल्या व्यक्तीचा हक्क मानला आहे. त्यामुळे स्वच्छता ही आता रुग्णालयाच्या मर्जीवर किंवा दयाबुद्धीवर अवलंबून राहिलेली नाही. आपल्या माणसाला दाखल करताना हात धुण्याची सोय कोठे आहे, खाटांमध्ये किती अंतर आहे, कोणाला ताप आल्यास वेगळी खोली आहे का, याची विचारपूस नातेवाइकांनी निःसंकोचपणे करावी. सर्जापूर रस्त्यावरील अद्ययावत रुग्णालय असो अथवा कोकणातील जुने मनोरुग्णालय, हे प्रश्न सर्वत्र सारखेच आहेत.

भायखळ्याच्या तुरुंगात शिरताना हाफकिन यांच्यासमोर, ज्यांना पळून जाता येत नव्हते अशी माणसे होती. साथ आली की शहरातील धनिक गावाबाहेर जात, गरीब आपल्या मुळगावी परतत. बंद दाराआडच्या माणसाला मात्र दार उघडणाऱ्यावरच विसंबून राहावे लागते. प्लेगच्या जागी आज दुसरे रोग आले आहेत आणि त्यांवरील औषधेही उपलब्ध आहेत. दार उघडून आत जाणाऱ्या माणसाची जबाबदारी मात्र तसूभरही कमी झालेली नाही.